मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा: ऑफिसातला प्रॉक्सी लोक कसा चुकवतात आणि तो रस्ता कसा बंद करायचा

ऑफिसात वेब प्रॉक्सी बसतो. सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता भरला जातो, बंद करायच्या साइटींची यादी लागते आणि काम झालं असं वाटतं. मग कुणीतरी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरून ‘प्रॉक्सी वापरू नये’ या पर्यायावर टिचकी मारतो आणि त्याला सगळं इंटरनेट पूर्वीसारखं खुलं मिळतं. ही युक्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ लागत नाही. सिस्टीम ॲडमिन ते सेटिंग लॉक करतो, तर कुणी पेनड्राइव्हवरून दुसरा ब्राउझर चालवतो. तो अडवला की व्हीपीएन, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरपर्यंतचा गुप्त बोगदा, येतं.

या पाठलागात ॲडमिन कायम एक पाऊल मागे राहतो, कारण कुलूप लावायची जागाच चुकलेली असते. मराठीत याला नेमकी म्हण आहे: मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. म्हणून आधी दरवाजा कुठे आहे ते पाहू.

प्रॉक्सीची सेटिंग ही नुसती विनंती असते

प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने बाहेर जाऊन येणारा मध्यस्थ. ब्राउझर एखाद्या साइटकडे थेट जाण्याऐवजी प्रॉक्सीला सांगतो, ‘मला अमुक पान आणून दे.’ प्रॉक्सी नियम बघतो, कोणी काय मागितलं त्याची नोंद ठेवतो, पान आणतो आणि देतो. स्क्विड हा खूप वापरला जाणारा मोफत प्रॉक्सी; तो मुळात ३१२८ या पोर्टवर ऐकत बसतो (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या सेवांसाठीचा क्रमांक).

यातली मेख अशी, की प्रॉक्सीकडे जायचं हे ब्राउझर ठरवतो. कॉम्प्युटरपासून इंटरनेटपर्यंतची वायर प्रॉक्सीच्या पोटातून जात नाही. ती राउटर किंवा फायरवॉलमधून, म्हणजे काय आत-बाहेर सोडायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यातून, जाते. फायरवॉल प्रत्येक कॉम्प्युटरला थेट बाहेर सोडत असेल, तर प्रॉक्सी हा रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस आहे. त्याच्याशी बोलायचं की तसंच पुढे निघून जायचं, हे जाणाऱ्याच्या हातात.

तेव्हा दरवाजा म्हणजे फायरवॉल, आणि मूळ उपाय एका वाक्यात मावतो: वेबसाठीची ८० आणि ४४३ ही पोर्टं बाहेरच्या दिशेने फक्त प्रॉक्सीच्या पत्त्याला खुली ठेवायची, बाकी सगळ्या मशीनना बंद. हा नियम लागला की सेटिंग काढून टाकणाऱ्याला मोकळं इंटरनेट मिळत नाही, काहीच मिळत नाही. मग पेनड्राइव्हवरचा ब्राउझर असो की घरून आणलेला लॅपटॉप, बाहेर जायचं तर प्रॉक्सीशी बोलावंच लागतं. ब्राउझरमधलं सेटिंगचं पान लॉक केलं नाही तरी फारसं बिघडत नाही.

पण ही दोनच पोर्टं बंद करून थांबू नका. एकूण ६५,५३५ पोर्टं आहेत आणि व्हीपीएनला त्यांतलं कुठलंही चालतं. व्हीपीएनच्या प्रकारांपैकी ओपनव्हीपीएन सहसा यूडीपी ११९४ वर असतं (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती), वायरगार्ड बहुधा ५१८२० वर; दूरच्या मशीनवर गुप्तपणे काम करू देणारं एसएसएच २२ वर. पण हे आकडे नुसत्या सवयीचे आहेत, समोरचा सर्व्हर आपल्या ताब्यात असेल तर ते हवे तसे बदलता येतात. एकेक पोर्ट शोधून बंद करण्याला अंत नाही. उलट बाजूने सुरुवात करावी: आतून बाहेर जाणारं सगळं बंद, आणि कामाला जे खरंच लागतं तेवढंच उघडायचं. मेल सर्व्हरला मेलची पोर्टं, वेळ जुळवणाऱ्या सर्व्हरला वेळेचं पोर्ट, प्रॉक्सीला वेब. साध्या वापरकर्त्याच्या मशीनला बाहेर थेट जायचं असं जवळपास काहीच उरत नाही, हे एकदा कागदावर मांडलं की आश्चर्य वाटतं.

नियम लिहिताना फायरवॉल दोन तऱ्हांनी नकार देऊ शकते. एका तऱ्हेत ती आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, गुपचूप टाकून देते, दुसरीत ‘जाता येणार नाही’ असं उत्तर पाठवते. बाहेरून येणाऱ्यांसाठी पहिली तऱ्हा ठीक. आतल्या माणसांसाठी मी नेहमी दुसरी निवडीन. उत्तर मिळालं की प्रोग्रॅम लगेच थांबतो. नाही मिळालं तर तो बराच वेळ ताटकळतो आणि माणसाला वाटतं कॉम्प्युटर अडकला.

प्रॉक्सी कुठे ठेवला आहे

प्रॉक्सी वापरकर्त्यांच्याच नेटवर्कमध्ये ठेवला तर एक भोक राहतं. फायरवॉल पत्ता बघून सोडते. कुणी आपल्या मशीनला प्रॉक्सीचाच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, दिला तर? दोन मशीनचा एकच पत्ता झाल्यावर गोंधळ होईल, पण मधूनमधून त्याचं काम होईलही. प्रॉक्सी वेगळ्या नेटवर्क भागात, फायरवॉलच्या वेगळ्या वायरमागे ठेवला की ही शक्यता संपते, कारण तो पत्ता चुकीच्या बाजूने आला हे फायरवॉलला दिसतं.

याचंच दुसरं रूप जास्त वेळा दिसतं. वरिष्ठांच्या लॅपटॉपला ‘थेट जाऊ द्या’ अशी सूट दिलेली असते, आणि ती आयपी पत्त्यावर दिलेली असते. ते रजेवर गेले, लॅपटॉप बंद आहे, तो पत्ता मोकळा आहे. ज्याला हे माहीत आहे तो स्वतःच्या मशीनला तो पत्ता देतो आणि त्या दिवसापुरता वरिष्ठ होतो. म्हणून सूट द्यायची तर माणसाला द्यावी, पत्त्याला नाही. प्रॉक्सीवर लॉगिन लावलं की ब्राउझरला आधी ४०७ क्रमांकाचं उत्तर मिळतं, म्हणजे ‘तू कोण ते सांग’. ऑफिसात विंडोज डोमेन (सगळी मशीन आणि खाती एका जागेवरून सांभाळण्याची व्यवस्था) असेल तर कर्बेरोस या ओळख पटवण्याच्या पद्धतीच्या मदतीने हे मागच्या मागे होतं, पासवर्ड पुन्हा टाकावा लागत नाही. नोंदवहीत पत्त्याऐवजी नाव येतं, हा आणखी एक फायदा.

पत्ता पोचवण्याचं काम

दरवाजा बंद झाल्यावर प्रत्येक ब्राउझरला प्रॉक्सी कुठे आहे हे कळायला हवं. विंडोज डोमेनमध्ये ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगने, ते होतं. फायरफॉक्सला आणि क्रोमला त्यांच्या स्वतःच्या पॉलिसी आहेत. याशिवाय पॅक फाइल असते. नेटस्केपने १९९६ मध्ये आणलेली ही छोटीशी जावास्क्रिप्ट फाइल ब्राउझरला सांगते की कुठल्या पत्त्यासाठी प्रॉक्सीकडे जायचं आणि कुठल्यासाठी थेट. पुष्कळ पॅक फाइलींच्या शेवटी ‘प्रॉक्सी मिळाला नाही तर थेट जा’ असं लिहिलेलं असतं. दरवाजा मोकळा असेल तर ही आयती पळवाट आहे: प्रॉक्सीचं नाव आपल्या मशीनवर चुकीच्या पत्त्याकडे वळवलं की ब्राउझर आज्ञाधारकपणे थेट बाहेर पडतो. ती ओळ काढून टाका.

पॅक फाइल आपोआप शोधून देणारी डब्ल्यूपॅड नावाची सोय आहे. तिच्यापासून जपून राहावं. नेटवर्कमध्ये ‘डब्ल्यूपॅड’ या नावाला जो कुणी उत्तर देईल त्याच्यावर ब्राउझर विश्वास ठेवतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टचा डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) हे नाव मुळातच अडवून ठेवतो, यावरून धोका किती खरा आहे ते कळावं. पत्ता पॉलिसीने पोचत असेल तर ही सोय बंदच असलेली बरी.

‘पारदर्शक’ प्रॉक्सी लावला तर?

हा प्रश्न हमखास येतो. पारदर्शक प्रॉक्सीत ब्राउझरला काहीच सांगायचं नसतं. राउटर स्वतःच वेबची वाहतूक पकडून प्रॉक्सीकडे वळवतो. वापरकर्त्याकडे बंद करायला सेटिंगच नाही, म्हणून ते आकर्षक वाटतं. साध्या एचटीटीपीच्या काळात ते चांगलं चालायचं. आता जवळजवळ सगळं वेब एचटीटीपीएसवर, म्हणजे त्याच्या गुप्त केलेल्या रूपावर, आहे, आणि तिथे ब्राउझरची अपेक्षा असते की समोर खरी साइटच बोलते आहे. मधे कुणी बोललं तर तो धोक्याची सूचना दाखवतो. लॉगिनही नीट चालत नाही: मधे प्रॉक्सी आहे हेच ब्राउझरला ठाऊक नसतं, तर ४०७ ला तो काय उत्तर देणार? शिवाय वळवलेली पोर्टं सोडून बाकी पोर्टांचं काय, हा प्रश्न उरतोच. म्हणजे फिरून फायरवॉलकडेच यायचं. माझं मत स्पष्ट आहे: ऑफिसच्या कॉम्प्युटरना उघडपणे प्रॉक्सी सांगावा, आणि ज्या वस्तूंना तो सांगताच येत नाही त्यांच्यापुरता पारदर्शक वापरावा.

कनेक्ट: प्रॉक्सीमधूनच निघणारा बोगदा

इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. दरवाजा बंद झाल्यावर हुशार माणूस प्रॉक्सी चुकवायचा प्रयत्न सोडून देतो आणि प्रॉक्सीलाच वापरायला लागतो.

एचटीटीपीएस साइट उघडताना ब्राउझर प्रॉक्सीला पान मागत नाही. तो म्हणतो, ‘मला अमुक नावाच्या सर्व्हरच्या ४४३ पोर्टशी जोडून दे.’ या विनंतीचं नाव कनेक्ट. प्रॉक्सी जोडणी करून देतो, ‘झालं’ म्हणतो आणि बाजूला होतो. त्यानंतर त्या नळीतून इकडून तिकडे काय वाहतं ते गुप्त असल्यामुळे त्याला दिसत नाही. त्याला दिसतं फक्त नाव, पोर्ट, किती वेळ आणि किती डेटा.

आता समजा कुणी घरच्या सर्व्हरवर एसएसएच ४४३ पोर्टवर चालवतो आहे. तो प्रॉक्सीला कनेक्ट करायला सांगतो, प्रॉक्सीला वाटतं ही एक एचटीटीपीएस साइट आहे. बोगदा तयार. पुढे तो माणूस त्या बोगद्यातून सगळं इंटरनेट घरच्या वाटेने बघतो आणि प्रॉक्सीच्या नोंदवहीत मात्र एकच ओळ पडते.

स्क्विडच्या मूळ मांडणीत कनेक्ट फक्त ४४३ या पोर्टासाठी मान्य असतं. ती ओळ कुणी कधी ‘तात्पुरती’ काढली असेल तर आधी परत घाला. त्यापुढचा सोपा आणि फार उपयोगी नियम म्हणजे नावाऐवजी नुसत्या आयपी पत्त्याशी मागितलेलं कनेक्ट नाकारायचं. खऱ्या साइटी नावाने उघडतात. घरच्या सर्व्हरला पुष्कळदा नाव नसतं. तिसरं, जोडणी झाल्यावर पहिले काही बाइट तपासायचे. एचटीटीपीएसची सुरुवात ठरावीक पद्धतीच्या हस्तांदोलनाने होते आणि एसएसएचची वेगळ्या. स्क्विडमध्ये ३.५ आवृत्तीपासून असं डोकावून बघता येतं, आतला मजकूर न उलगडता. टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागची गुप्ततेची पद्धत, नसेल तर जोडणी तोडायची. चौथं, साइटींच्या वर्गवारीची यादी वापरत असाल तर ‘वर्ग माहीत नाही’ अशा नावांना मुळातच नकार द्यायचा आणि मागणी आली की उघडायचं. यातून सुरुवातीला त्रास होतो, पण नव्याने उगवलेल्या व्हीपीएनच्या आणि दुसऱ्या साइटी आपल्यामार्फत दाखवणाऱ्या साइटी यातच अडकतात. दूरचा कॉम्प्युटर ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या सेवाही याच पठडीतल्या: प्रॉक्सीला एक साइट दिसते, माणूस तिच्या आत घरच्या कॉम्प्युटरवर बसून हवं ते बघत असतो.

यापुढची पायरी म्हणजे सगळं एचटीटीपीएस उलगडून बघणं. त्यासाठी ऑफिसचं स्वतःचं प्रमाणपत्र (साइट खरी आहे हे ब्राउझर ज्यावरून ठरवतो ती डिजिटल खूण) सगळ्या मशीनवर बसवतात आणि प्रॉक्सी प्रत्येक साइटच्या नावाने आपलं प्रमाणपत्र दाखवतो. तांत्रिकदृष्ट्या हे होतं. पण लोकांची बँक, आरोग्याचे अहवाल, खासगी पत्रव्यवहार हे सगळं त्या एका पेटीत उघडं पडतं. त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली चोरीला गेली तर चोराला ऑफिसपुरती कुठलीही साइट बनून बसता येतं. स्वतःच्या सर्व्हरचंच प्रमाणपत्र हवं असा हट्ट धरणारी ॲप्स बंद पडतात ती वेगळीच. करायचंच असेल तर बँका आणि आरोग्याच्या साइटी त्यातून वगळा, आणि तपासणी होते हे प्रत्येकाला आधी लेखी कळवा. न सांगता हे करणं मला अजिबात मान्य नाही. लहान ऑफिसात नाव, पोर्ट आणि हस्तांदोलन एवढी तपासणी पुरते.

उघडपणे सांगितलेल्या प्रॉक्सीचा आणखी एक फायदा आता महत्त्वाचा झाला आहे. टीएलएसच्या नव्या सोयीत साइटचं नावही गुप्त ठेवता येतं. पारदर्शक प्रॉक्सी ते नाव वाटेत वाचत असतो, त्यामुळे त्याला आता आंधळं व्हावं लागेल. उघड प्रॉक्सीला मात्र ब्राउझर कनेक्टमध्ये स्वतःहून खरं नाव सांगतो.

विसरलेल्या खिडक्या

दरवाजाला कुलूप लागलं तरी तीन खिडक्या उघड्या राहिलेल्या मी सगळ्यात जास्त पाहिल्या आहेत.

पहिली क्विक. वेबची ही नवी वाहतूक-पद्धत टीसीपीऐवजी यूडीपीवर चालते. क्विक २०२१ मध्ये प्रमाणित झालं आणि त्यावर चालणारं एचटीटीपी ३ हे २०२२ मध्ये. ज्यांनी नियमात फक्त टीसीपी ४४३ बंद केलं, त्यांच्याकडे यूडीपी ४४३ मधून सगळं सुरळीत बाहेर जातं. ते बंद करा. ब्राउझर गुपचूप टीसीपीवर परत येतो, वापरकर्त्याला काही कळतही नाही.

दुसरी डीएनएस. नावाचा पत्ता विचारण्याच्या साध्या प्रश्नोत्तरांत डेटा लपवून बोगदा करता येतो. मंद असतो, पण चालतो. उघड प्रॉक्सी असेल तर बाहेरच्या साइटचं नाव प्रॉक्सीच शोधतो, त्यामुळे वापरकर्त्याच्या मशीनला बाहेरची नावं शोधायची गरजच नसते. ५३ पोर्ट बाहेरच्या दिशेने फक्त ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरला आणि प्रॉक्सीला ठेवा. गुप्त डीएनएसचं ८५३ बंद करा. अगदी कडक हवं असेल तर ऑफिसचा डीएनएस वापरकर्त्यांना आतल्या नावांपुरतीच उत्तरं देईल असं करता येतं, मग बोगद्याला तीही वाट राहत नाही. २०१८ मध्ये प्रमाणित झालेलं डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस ४४३ मधूनच जातं, म्हणजे ते प्रॉक्सीकडे येतं. ओळखीच्या सेवांची नावं तिथे अडवा.

तिसरी खिडकी आयपीव्ही ६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही ४), आणि हिची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण ती कुणीही न उघडता उघडते. सेवा देणाऱ्या कंपनीने एक दिवस राउटरवर आयपीव्ही ६ सुरू केलं की ऑफिसातली मशीन स्वतःहून नवे पत्ते घेतात आणि शक्य तिथे त्यांनाच आधी वापरतात. फायरवॉलचे सगळे नियम आयपीव्ही ४ साठी लिहिलेले. लिनक्सवर जुन्या आयपीटेबल्समध्ये तर दोन्हींचे नियम वेगळ्या आज्ञेने लिहावे लागतात. एक लिहून दुसरं राहून जाणं अगदी सोपं. आयपीव्ही ६ वापरत असाल तर तेच नियम तिकडे लिहा, वापरत नसाल तर फायरवॉलवर ते बाहेर जाणं स्पष्टपणे नाकारा.

फोनचं हॉटस्पॉट ही वेगळी गोष्ट आहे. ऑफिसचा लॅपटॉप फोनच्या वायफायला जोडला तर तुमचं नेटवर्क त्यात येतच नाही, मग फायरवॉल काय करणार? हे लॅपटॉपवरच अडवावं लागतं: विंडोजमध्ये डोमेनला जोडलेलं असताना दुसऱ्या नेटवर्कला जोडू न देण्याची पॉलिसी आहे. लोकांना मशीनचे ॲडमिन हक्क न देणं हेही इथेच उपयोगी पडतं, व्हीपीएनचे ड्रायव्हर त्याशिवाय बसत नाहीत. माणसाचा स्वतःचा फोन, स्वतःच्या डेटावर, हा मात्र आपला विषय नाही.

लोक पळवाट का शोधतात

नोंदवही उघडून बसलं की दोन वेगळी चित्रं दिसतात. एका अनोळखी नावाशी तासन्‌तास चालू असलेलं एकच कनेक्ट, दोन्ही बाजूंना भरपूर डेटा: हा बोगदा, त्या माणसाशी बोलायला हवं. पण बाकीच्या पुष्कळ ओळी कामाच्याच असतात. ग्राहकाने पाठवलेली मोठी फाइल उतरवायची आहे, ती साइट बंद आहे, मुदत संध्याकाळची आहे. असा माणूस व्हीपीएन शोधतो तेव्हा त्याला नियम मोडायचा नसतो, काम संपवायचं असतं. साइट उघडून मागण्याची सोय असेल आणि उत्तर त्याच दिवशी मिळत असेल, तर बहुतेक पळवाटांची गरजच राहत नाही.

इथे एक तांत्रिक अडचण आड येते, ती ठाऊक असावी. बंद साइटवर प्रॉक्सी जे ‘ही साइट का बंद आहे, कुणाला विचारा’ असं पान दाखवतो, ते एचटीटीपीएससाठी दिसतच नाही. कनेक्ट नाकारल्यावर प्रॉक्सीने पाठवलेला मजकूर ब्राउझर सुरक्षेसाठी दाखवत नाहीत. माणसाला फक्त ‘जोडणी झाली नाही’ असं कोरडं वाक्य दिसतं आणि तो समजतो नेट बंद आहे. म्हणून हा मजकूर ऑफिसच्या आतल्या साइटवर ठेवा आणि ‘साइट उघडत नसेल तर आधी इथे बघा’ हे सगळ्यांना सांगून ठेवा.

दरवाजा बंद करण्याचा दिवस

नियम थेट लावू नका. आधी आठवडाभर तोच नियम फक्त नोंद ठेवण्यासाठी चालवा, अडवू नका. कोणतं मशीन थेट बाहेर जातंय त्याची यादी मिळेल, आणि तिच्यात माणसांपेक्षा वस्तू जास्त निघतील: हजेरीचं मशीन, प्रिंटर, अँटीव्हायरसचे अपडेट, प्रॉक्सी म्हणजे काय हे माहीतच नसलेला एखादा जुना प्रोग्रॅम. त्यांना सूट द्यावी लागेल, पण ‘या मशीनवरून या नावाच्या सर्व्हरकडे, या पोर्टवर’ एवढीच. अशा प्रत्येक सवलतीपुढे ती कुणी मागितली आणि कधी संपते ते लिहा. तारीख नसलेली सूट कायमची होते.

बंद केल्यावर वापरकर्त्याच्या खुर्चीत बसून स्वतः प्रयत्न करा: प्रॉक्सी काढून, दुसऱ्या ब्राउझरने, आयपीव्ही ६ ने, २२ आणि ५३ पोर्टवरून बाहेरच्या सर्व्हरकडे थेट. फायरवॉल किंवा राउटर बदलला, नवी इंटरनेट लाइन आली की हीच फेरी पुन्हा. दुसरी लाइन अनेकदा फक्त पहिली पडल्यावर वापरायला घेतात आणि तिच्यावर नियम लिहायचेच राहतात. पहिली लाइन ज्या दुपारी पडते, त्या दुपारी सगळं ऑफिस प्रॉक्सीविना बाहेर असतं. म्हणून वर्षातून दोनदा पहिली लाइन मुद्दाम काढून बघा.